वाहत्या पाण्याचे माप

माणसाची खरी योग्यता ओळखण्याला आपल्या मराठीत ‘पाणी जोखणे’ असे म्हणतात. संकटाच्या वेळी कोण किती टिकेल, दिलेला शब्द कोण पाळील, याचा अंदाज आला की आपण म्हणतो, ‘त्याचे पाणी जोखले.’ हा शब्दप्रयोग ज्याने प्रथम केला त्याला या कामातील अडचण ठाऊक असली पाहिजे. धान्य जोखता येते, सोने जोखता येते, घागरीतले पाणीही मापता येते. नदीचे पाणी मात्र आपण माप पुढे करीपर्यंत निघून गेलेले असते.

त्याच मराठीत ‘मापात पाप’ असेही म्हणतात. दुकानदाराने किलोमागे पन्नास ग्रॅम मारले तर पाप कोठे झाले हे लहान मूलही सांगेल. खोट्या तराजूचा धिक्कार जुन्या करारातील नीतिसूत्रांत आणि संदेष्ट्यांच्या वाणीत वारंवार येतो. परंतु जी वस्तू अखंड वाहते आहे, जिचा तळ दिसत नाही, जी आश्विनात एक आणि चैत्रात दुसरीच असते, तिचे माप चुकले तर? किंवा ते कोणी घेतलेच नाही तर? त्या वेळी पाप कोठे सुरू होते आणि ते कोणाच्या माथी येते?

या प्रश्नाला एक दुसरी बाजूही आहे, आणि ती ख्रिस्ती मनाला अधिक बोचणारी आहे. मोजणे ही गोष्टच आपल्याला थोडी हलकी वाटते. दान करताना उजव्या हाताचे कृत्य डाव्या हाताला कळू नये, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. विधवेने दोन दमड्या टाकल्या तेव्हा तिने आपल्या गाठीशी काय उरले याचा हिशोब केला नाही. तान्हेल्याच्या हातात थंड पाण्याचा पेला देणारा तो किती मिलिलिटरचा आहे हे पाहत नाही. मग जो मोजतो तो कृपण, आणि जो न मोजता देतो तो उदार, असे समजावे काय? या लेखात नदीचे पाणी मोजण्याच्या शास्त्राला मी हाच प्रश्न विचारणार आहे. त्या शास्त्राकडून मिळणारे उत्तर मला तरी अनपेक्षित वाटले.

ओढ्यात उतरल्यावर

प्रथम हे माप कसे घेतात ते पाहू. नदीच्या प्रवाहाचे माप म्हणजे एका ठिकाणाहून एका सेकंदात किती पाणी पुढे गेले याचा आकडा. एक घनमीटर गेले तर एक क्युमेक, एक घनफूट गेले तर एक क्युसेक. पावसाळ्यात धरणातून इतक्या हजार क्युसेकचा विसर्ग सोडल्याच्या बातम्या आपण वाचतो, तेच हे एकक. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर.

शिकणाऱ्याला प्रारंभी एखाद्या ओढ्यावर नेतात. जेथे काठ सरळ आहेत, भोवरे नाहीत, मोठे खडक नाहीत अशी जागा निवडायची. या काठापासून त्या काठापर्यंत खुणा केलेला दोर ताणायचा. दोराच्या प्रत्येक खुणेपाशी पाण्याची खोली काठीने मोजायची. रुंदी आणि खोली यांवरून प्रवाहाच्या छेदाचे क्षेत्रफळ मिळते. त्यानंतर वेग. सर्वांत साधा उपाय म्हणजे दहा मीटरचे अंतर आखून वरच्या टोकाला एखादे संत्रे सोडायचे आणि ते खालच्या टोकाला किती सेकंदांत पोहोचते हे घड्याळात पाहायचे. संत्रे यासाठी की ते जवळजवळ सगळे पाण्यात बुडून तरंगते, त्यामुळे वारा त्याला ढकलू शकत नाही.

समजा, ओढा सहा मीटर रुंद आहे, सरासरी खोली चाळीस सेंटिमीटर आहे आणि संत्र्याला वीस सेकंद लागले. छेद झाला 2.4 चौरस मीटर, वेग झाला सेकंदाला अर्धा मीटर. दोहोंचा गुणाकार केला की काम संपले असे शिकाऊ माणसाला वाटते. पण येथेच त्याला थांबवितात. संत्र्याने दाखविला तो पृष्ठभागाचा वेग. तळाशी दगडगोटे आणि वाळू पाण्याला अडवितात, काठाशी गवत अडविते; आत पाणी वरच्यापेक्षा सावकाश चालते. म्हणून पृष्ठभागाचा वेग साधारणपणे 0.85 ने गुणून कमी करतात. मग उत्तर येते 1.02 क्युमेक, म्हणजे सुमारे 36 क्युसेक.

अधिक नेमके माप हवे असेल तर फिरत्या वाट्यांचे वेगमापक यंत्र वापरतात. प्रवाहाचे वीस-पंचवीस उभे पट्टे कल्पून प्रत्येक पट्ट्यात वेग वेगळा घ्यायचा. पाणी उथळ असेल तर पृष्ठभागापासून सहा-दशांश खोलीवर, खोल असेल तर दोन-दशांश आणि आठ-दशांश अशा दोन ठिकाणी घेऊन सरासरी काढायची. मोजणाऱ्याने यंत्राच्या खालच्या अंगाला, जरा बाजूला उभे राहायचे असते. त्याचे स्वतःचे पाय प्रवाहात आडवे आले तर तो नदीऐवजी स्वतःने केलेला अडथळा मोजून बसेल. मोजताना स्वतःला बाजूला ठेवणे हा या विद्येतील पहिला संयम होय.

‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण आपण माणसांना लावतो. नदीच्या शास्त्रात ती अक्षरशः खरी आहे. दगडांवरून आवाज करीत उड्या मारणारा प्रवाह डोळ्यांत आणि कानांत भरतो. त्याच्याखाली शंभर पावलांवर डोहातून निःशब्द सरकणारे पाणी थांबल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात दोन्ही ठिकाणांहून सेकंदाला तेवढेच पाणी पुढे जात असते. ही गोष्ट आज शाळेतील मुलालाही समजते, पण ती सिद्धांतरूपाने मांडली जायला सतराव्या शतकापर्यंत वाट पाहावी लागली, आणि ती मांडली एका संन्याशाने.

चुकलेले माप आणि चोरीचा आळ

त्याआधीची एक हकीकत सांगितली पाहिजे. इसवी सन 97 मध्ये सम्राट नर्वा याने सेक्स्टस युलियस फ्रोंटिनस या अनुभवी अधिकाऱ्याला रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख नेमले. फ्रोंटिनस प्रामाणिक आणि कष्टाळू होता. त्याने जुन्या नोंदी काढल्या, स्वतः कालव्यांच्या मुखाशी जाऊन मापे घेतली आणि शहरात किती पाणी वाटले जाते याच्याशी ती ताडून पाहिली. आकडे जुळेनात. नोंदींत होते त्याहून कितीतरी अधिक पाणी कालव्यांत शिरत होते आणि वाटपात ते दिसत नव्हते. शोध घेता त्याला पाणीवाल्यांच्या अनेक लबाड्या सापडल्या: ठरल्याहून मोठ्या तोट्या, नोंद नसलेल्या तोट्या, रस्त्याखालच्या नळांना पाडलेली भोके. त्याने हे सारे आपल्या ग्रंथात लिहून ठेवले.

परंतु फ्रोंटिनसचे माप होते नळाच्या तोंडाच्या आकाराचे. सव्वा अंगुळे व्यासाची नळी हे त्याचे एकक. त्या तोंडातून पाणी किती वेगाने बाहेर पडते हे त्या मापात येत नसे. वेगवान प्रवाह अधिक पाणी देतो हे त्याच्या लक्षात आले होते, परंतु वेग आकड्यात पकडण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. म्हणजे चोऱ्या खऱ्या होत्या, यात शंका नाही. पण हिशोबात न जुळणाऱ्या पाण्यापैकी काही भाग कोणी चोरलेलाच नसणार, तो मापाच्या अपुरेपणातून निर्माण झाला असणार. एका सचोटीच्या माणसाच्या वहीत निरपराध पाण्यावरही चोरीचा आळ आला.

येथे नीतीचा विचार करणाऱ्याने क्षणभर थांबावे. आपण सहसा असे समजतो की हेतू शुद्ध असला म्हणजे न्याय आपोआप होतो. फ्रोंटिनसचा हेतू शुद्ध होता. तरीही माप अपुरे असेल तर शुद्ध हेतूच्या माणसाच्या हातूनही अन्याय घडू शकतो. म्हणूनच मापे सुधारणे हे केवळ तंत्रज्ञाचे काम राहत नाही. ज्याला न्याय करायचा आहे त्याच्यावर ते कर्तव्य म्हणून येते.

ते कर्तव्य पार पाडणारा संन्यासी म्हणजे बेनेडेट्टो कास्टेली. तो बेनेडिक्टाइन संघाचा, पादुआ येथे गॅलिलिओचा शिष्य. श्रद्धा आणि विज्ञान यांच्या नात्याविषयी गॅलिलिओने 1613 साली लिहिलेले प्रसिद्ध पत्र याच कास्टेलीला होते. पोप आठवे अर्बन यांनी त्याला रोमला बोलावून घेतले. त्या काळी बोलोन्या आणि फेरारा ही दोन शहरे, दोन्ही पोपच्याच राज्यातील, रेनो नदीवरून भांडत होती. रेनोचे पाणी पो नदीत सोडावे की सोडू नये? एका शहराच्या शेतांत पाणी साचत होते, दुसऱ्याला पुराची भीती होती. 1625 साली मॉन्सिन्योर कोर्सिनी यांच्याबरोबर कास्टेलीला त्या प्रदेशाच्या पाहणीसाठी पाठविण्यात आले. तेथे त्याने पाहिले की दोन्ही बाजूंचे जाणकार नदीची रुंदी आणि खोली सांगून वाद घालतात. वेगाचा विचार कोणीच करीत नाही.

1628 मध्ये रोम येथे त्याचा वाहत्या पाण्याच्या मापनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे सार असे: नदीची स्थिती कायम असेल तर तिच्या प्रत्येक छेदातून समान काळात समान पाणी जाते, छेद लहान तेथे वेग मोठा, छेद मोठा तेथे वेग लहान. केवळ पाण्याची उंची पाहून पाणी किती आले हे सांगता येत नाही, कारण पाणी वाढते तेव्हा वेगही वाढतो. दिसणाऱ्या आकाराला न दिसणाऱ्या वेगाची जोड दिल्यावाचून माप पुरे होत नाही. पुढे 1639 मध्ये पेरुजिया येथे असताना त्याने काचेचे एक भांडे पावसात ठेवून ट्राझिमेनो सरोवरावर किती पाऊस पडला याचा हिशोब केला आणि तो गॅलिलिओला पत्राने कळविला.

रेनोचा वाद कास्टेलीच्या ग्रंथाने मिटला नाही. तो पुढे शतकाहून अधिक काळ चालला. माप मिळाले म्हणजे भांडण संपतेच असे नाही. पण एवढे झाले की यापुढे भांडणाऱ्यांना निदान एकाच गोष्टीविषयी भांडणे शक्य झाले. शेजाऱ्यांमधील शांतीची पहिली पायरी बहुधा एवढीच असते.

पुष्ट गायी आणि रोड गायी

आपण आपल्या ओढ्याकडे परत येऊ. 1.02 क्युमेक हा आकडा दिवसभराचा धरला तर सुमारे 8 कोटी 80 लाख लिटर होतात. शहरी माणसाला दररोज 135 लिटर पाणी लागते असे आपल्याकडील पाणीपुरवठ्याच्या आखणीत धरतात. त्या हिशोबाने हा लहानसा ओढा साडेसहा लाख माणसांची तहान भागवील! हिशोबात कोठेही चूक नाही. छेद बरोबर, वेग बरोबर, गुणाकार बरोबर. फक्त माप घेतले ते ऑक्टोबरमध्ये. कोकणातील कोणताही शेतकरी सांगेल की मार्चमध्ये त्याच ठिकाणी वाळूत पोरे खेळत असतील.

म्हणून एकदा घेतलेले माप हे नदीचे माप नव्हे. ते नदीच्या एका क्षणाचे माप आहे. नदी समजून घ्यायची तर रोज, वर्षानुवर्षे, त्याच जागी उभे राहावे लागते. अमेरिकेत नदीमापनाचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले ते 1888-89 च्या हिवाळ्यात, न्यू मेक्सिकोतील रिओ ग्रांदे नदीच्या काठी एम्बुडो या ठिकाणी. भूगर्भ सर्वेक्षण विभागाचे प्रमुख जॉन वेस्ली पॉवेल यांनी फ्रेडरिक न्यूवेल या तरुणाच्या हाताखाली आणखी काही तरुण देऊन त्यांना तेथे तळ ठोकायला लावला. कोरड्या पश्चिम भागात शेती करायची तर आधी नद्यांत पाणी किती हे कळले पाहिजे, हा पॉवेल यांचा आग्रह. 1889 मध्ये तेथे त्या विभागाचे पहिले मापनकेंद्र सुरू झाले.

त्याच देशात, त्याच कोरड्या पश्चिमेत, तेहेतीस वर्षांनी जे घडले ते मात्र या शिक्षणाच्या विरुद्ध होते. 24 नोव्हेंबर 1922 रोजी कोलोरॅडो नदीच्या खोऱ्यातील सात राज्यांच्या प्रतिनिधींनी सांता फे येथे नदीच्या वाटपाचा करार केला. वरच्या खोऱ्याला वर्षाला 75 लाख एकर-फूट, खालच्या खोऱ्याला 75 लाख. पुढे 1944 च्या तहाने मेक्सिकोला 15 लाख देण्याचे ठरले. एकूण 165 लाख. वाटणी करताना जी मापे समोर होती ती विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या भरपूर पाण्याच्या वर्षांची होती. त्या आधीच्या दुष्काळी वर्षांचा विचार केला तर नदीत एवढे पाणी नाही, असे सरकारी जलतज्ज्ञ ई. सी. लारू सांगत होते. त्यांचे कोणी मनावर घेतले नाही. 1976 मध्ये स्टॉकटन आणि जेकोबी या संशोधकांनी जुन्या वृक्षांच्या खोडांतील वार्षिक वलयांवरून मागील काही शतकांचा प्रवाह काढला. दीर्घकालीन सरासरी आली सुमारे 135 लाख एकर-फूट. ऑगस्ट 2021 मध्ये त्या नदीवरील मीड सरोवरासाठी सरकारला इतिहासात प्रथमच अधिकृतपणे पाणीटंचाई जाहीर करावी लागली.

या प्रकरणात कोणी खोटी मापे घेतली नव्हती. वेगमापक नीट होते, आकडे खरे होते. पाप होते ते निवडीत. ज्या वर्षांचे उत्तर सर्वांना हवे होते ती वर्षे धरली, ज्यांचे नको होते ती सोडली. अधिक पाणी आहे असे मानले की कोणालाच ‘नाही’ म्हणावे लागत नाही, सर्वजण हसत सह्या करतात. आणि त्या हास्याचे देणे शंभर वर्षांनी जन्मलेल्यांना फेडावे लागते. असत्य बोलण्यासाठी नेहमी खोटे शब्द लागतात असे नाही. अर्ध्या सत्यापाशी सोयीने थांबले तरी पुरते.

बायबल वाचणाऱ्याला येथे फारोच्या स्वप्नातील सात पुष्ट आणि सात रोड गायी आठवल्यावाचून राहणार नाहीत. ही आठवण केवळ प्रवचनकाराची नाही. नाईल नदीच्या पातळीच्या नोंदी जगातील सर्वांत दीर्घ नोंदींपैकी आहेत; कैरोजवळील रोडा बेटावरचा 861 सालचा पातळीमापक स्तंभ आजही उभा आहे. हॅरल्ड एडविन हर्स्ट या इंग्रज शास्त्रज्ञाने इजिप्तमध्ये अनेक दशके राहून त्या नोंदींचा अभ्यास केला आणि 1951 मध्ये दाखवून दिले की पाण्याची वर्षे फाशांसारखी सुटी सुटी पडत नाहीत. सुकाळाची वर्षे सुकाळाला आणि दुष्काळाची दुष्काळाला चिकटून येण्याची प्रवृत्ती असते. 1968 मध्ये मँडेलब्रॉट आणि वॉलिस या संशोधकांनी या प्रवृत्तीला नावच दिले ‘योसेफ परिणाम’, आणि अकस्मात येणाऱ्या महापुरांच्या प्रवृत्तीला ‘नोहा परिणाम’. योसेफाचे शहाणपण स्वप्नाचा अर्थ सांगण्यात होते तितकेच ते सुकाळात धान्याची कोठारे भरण्यातही होते. कोलोरॅडोच्या काठी बसलेल्यांनी पुष्ट गायी तेवढ्या मोजल्या.

मापाची नम्रता

जलमापनाच्या विद्येत मला सर्वांत अधिक आदर वाटतो तो एका लहानशा प्रथेचा. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागात प्रवाह मोजणारा माणूस आकड्याबरोबर आपल्याच मापाची प्रतही लिहितो: उत्कृष्ट, चांगले, बरे की निकृष्ट. खऱ्या प्रवाहापासून दोन टक्क्यांच्या आत असेल तर उत्कृष्ट, पाच टक्क्यांच्या आत चांगले, आठ टक्क्यांच्या आत बरे; त्यापुढे निकृष्ट. वारा होता, तळ हलत होता, दोर सैल होता, असे काही असेल तर ते तो तेथेच नमूद करतो. म्हणजे उत्कृष्ट मापातही चूक असू शकते हे गृहीतच धरलेले आहे.

दुसरी गोष्ट अशी की नदीचा तळ बदलतो. रोज यंत्र घेऊन पाण्यात उतरणे शक्य नसते, म्हणून पुष्कळ मापे घेऊन पाण्याची उंची आणि प्रवाह यांचा संबंध दाखविणारा आलेख काढतात. मग रोज फक्त पट्टीवरची उंची वाचली की प्रवाहाचा आकडा मिळतो. पण एक मोठा पूर येतो, तळ खरवडून नेतो किंवा गाळ आणून टाकतो, आणि कालचा आलेख आज खोटे बोलू लागतो. पट्टी तीच, उंची तीच, पाणी मात्र वेगळे. तेव्हा पुन्हा पाण्यात उतरावे लागते. माणसांविषयी आपण बांधलेले अंदाजही असेच असतात. वीस वर्षांपूर्वी कोणाचे तरी पाणी जोखले आणि तो आलेख अजून वापरतो आहोत, अशी किती नाती आपल्या घराघरांत असतील! मधल्या काळात त्या माणसावरून किती पूर गेले याची आपल्या वहीत नोंद नसते. डोंगरावरील प्रवचनात मापाविषयी आपल्याला जो इशारा दिलेला आहे, त्याचा हाही एक अर्थ असावा.

ही नम्रता न्यायदानातही कशी उतरते याचे एक उदाहरण आपल्याजवळचे आहे. महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या कृष्णेच्या पाण्याचा वाद सोडविण्यासाठी 1969 मध्ये न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमला गेला. त्याने विजयवाडा येथील 1894-95 ते 1971-72 या 78 वर्षांच्या नोंदी पाहिल्या आणि सरासरीवर वाटणी केली नाही. चार वर्षांपैकी तीन वर्षे खात्रीने मिळेल एवढेच पाणी त्याने वाटपासाठी धरले: 2060 टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. त्यातून महाराष्ट्राला 560, कर्नाटकाला 700 आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशाला 800. या निवाड्यावर तिन्ही राज्ये पुढेही भांडली आणि दुसरा लवाद आला, हे खरे. तरीही जे नाही ते वाटायचे नाही, हा विवेक त्यात होता. आणि त्या विवेकाचा पाया कोणी घातला? अठ्ठ्याहत्तर वर्षे, दोन महायुद्धे आणि एक स्वातंत्र्य पाहत, नदीकाठी पट्टी वाचून वहीत आकडा लिहिणाऱ्या कारकुनांनी. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. पाऊस होता, ताप होता, सण होता, म्हणून त्यांनी मनाने आकडा लिहिला असता तर त्यांना कोण विचारणार होते?

ज्याचे माप नाही, त्याचा वाटा नाही

येथवर मी मापाची थोरवी गायिली. परंतु मापाचा एक धोकाही आहे. जे मोजले जात नाही ते नाहीच, असे मोजणाऱ्याला वाटू लागते. कोलोरॅडोच्या काठी हजारो वर्षे राहत आलेल्या आदिवासी जमातींपैकी कोणालाही 1922 च्या बैठकीत स्थान नव्हते. नदी समुद्राला मिळते तेथील त्रिभुज प्रदेशासाठीही कोणी पाणी राखून ठेवले नाही, आणि तो पुढे बव्हंशी कोरडा पडला. वाटणीच्या कागदावर नदीच्या स्वतःच्या नावाने रकाना नव्हता.

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात निरनिराळ्या प्रदेशांच्या पावसाची मापे दिली आहेत. अपरांताचा, म्हणजे आपल्या कोकणपट्टीचा पाऊस ‘अमित’, मोजता न येण्याजोगा, म्हटला आहे. त्या अमाप पावसाच्या प्रदेशात आपण आज नळाची वाट पाहत बसतो. सूर्या नदीवरील धामणी धरण आणि कवडास बंधारा यांची आखणी मुळात डहाणू, पालघर आणि विक्रमगड तालुक्यांतील शेतीसाठी झाली होती. पुढे वसई-विरार आणि मीरा-भाईंदर ही शहरे वाढली आणि त्याच साठ्यातले पाणी अधिकाधिक प्रमाणात पिण्यासाठी राखून ठेवले जाऊ लागले. तेथील आदिवासी शेतकऱ्यांनी याविरुद्ध आवाज उठविला. तहान खरी आहे आणि पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम हवा, हेही खरे आहे. परंतु आपल्या स्वयंपाकघरातील नळ ज्या नदीला जोडलेला आहे तिच्या काठी कोण राहतो, त्याच्या शेताला काय उरले, हे आपल्यापैकी किती घरांनी कधी विचारले?

आणि जे आपल्या अंगणात होते त्याचे तरी काय केले? वसईच्या वाड्यांतील बावखले पावसाचे पाणी धरून ठेवीत, विहिरींना गोडे ठेवीत. त्यांच्यातून किती पाणी जमिनीत मुरते हे कोणी मोजले नव्हते. म्हणून ती एकेक करून बुजविली गेली तेव्हा आपण काय गमावतो आहोत हे सांगणारा आकडा कोणापाशी नव्हता. जमिनीचा भाव मात्र चौरस फुटाला किती, हे प्रत्येकाला तोंडपाठ होते.

देणे आणि वाटणे

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे वळू. मोजणारा कृपण आणि न मोजणारा उदार, असे आहे काय? मला वाटते, आपण दोन निरनिराळ्या क्रियांना एकच नाव देतो, म्हणून हा घोटाळा होतो. एक आहे देणे, दुसरे आहे वाटणे. जे माझे आहे ते मी देतो. तेथे मोजू नये. विधवेच्या दमड्या तिच्या स्वतःच्या होत्या. परंतु जे सर्वांचे आहे ते मी देऊ शकत नाही, ते मी फक्त वाटू शकतो. आणि तेथे मोजल्यावाचून राहू नये. सर्वांच्या मालकीची वस्तू न मोजता वाटणारा दिसतो उदार, पण तो दुसऱ्याच्या घागरीतून औदार्य करीत असतो. ती घागर बहुधा त्याची असते जो त्या वेळी हजर नाही: काठावरचा गरीब, पुढची पिढी, किंवा मुक्या जिवांसह खुद्द नदी.

म्हणून मापन ही एक प्रकारची शेजारधर्माची सेवा ठरते. तिच्यात तीन गोष्टी याव्या लागतात. डोळ्यांना दिसते त्यापलीकडचा वेग धरावा लागतो. चांगल्या वर्षांइतक्याच निष्ठेने वाईट वर्षांची नोंद ठेवावी लागते. आणि आपले माप किती टक्क्यांनी चुकू शकते हे आपणच लिहून ठेवावे लागते. या तिन्ही गोष्टींना बुद्धीपेक्षा चारित्र्य अधिक लागते.

यासाठी प्रत्येकाने जलतज्ज्ञ व्हावे असे नाही. आपल्या शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक बसवून तो रोज सकाळी वाचण्याचे काम मुलांकडे देता येईल. वाडीतल्या विहिरीच्या आत रंगाने पट्टी आखून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पातळी वहीत लिहिता येईल. आपल्या घरात आठवड्याला किती पाणी लागते हे मीटरवर पाहून एकदा तरी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर कुटुंबात बोलता येईल. पहिल्या वर्षी या आकड्यांतून काहीच कळणार नाही. पाचव्या वर्षी थोडे कळेल. ज्यांना त्यांचा खरा उपयोग होईल ती मुले कदाचित अजून जन्मलीही नसतील. त्यांच्यासाठी आज वहीचे पहिले पान आखायचे आहे, आणि त्यावर पावसाने दडी मारलेल्या दिवशी सुद्धा, न चुकता, शून्य लिहायचे आहे.